ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर-ऑइल कूलर: तो शोधावा कोठे आणि कसा?

महाड, खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतून आखाती देशांत गेलेले आपले अनेक तरुण तेथे मोटर गॅरेजमध्ये कामाला आहेत. इकडे त्यांचा हात बसलेला असतो तो बोलेरो पिकअपसारख्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांवर. तिकडे गेल्यावर समोर उभ्या राहतात टोयोटा, निस्सान, फोर्ड आणि शेवरोलेच्या पिकअप, आणि त्यांतील पुष्कळशा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. अमेरिकी बनावटीच्या मोठ्या पिकअप तर आता जवळपास सगळ्याच ऑटोमॅटिक झाल्या आहेत. अशी एखादी गाडी गरम होण्याची तक्रार घेऊन येते आणि फोरमन सांगतो, "गिअरचा कूलर बघून घे."

येथेच नवा कारागीर अडतो. हाताने गिअर टाकण्याच्या साध्या पिकअपमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल त्याच्या पेटीतच राहते. ते बाहेर काढून थंड करून परत आणण्याची सोय सहसा नसतेच. मग जी वस्तू कधी पाहिलीच नाही, ती शोधायची कशी? बॉनेट उघडून, समोरच्या जाळीमागे एक चकचकीत पत्र्यांची चौकट दिसते, तिला पाणी मारून साफ केले जाते आणि "कूलर ठीक आहे" असे सांगून गाडी सोडली जाते. प्रत्यक्षात साफ झालेला असतो एअर कंडिशनचा कंडेन्सर. गिअरबॉक्स महिन्या-दोन महिन्यांत जळतो, मालक तक्रार घेऊन येतो आणि दोष येतो तो शेवटचा हात ज्याने लावला त्याच्यावर.

हा विषय आता केवळ आखातापुरताही राहिलेला नाही. २०२२ साली भारतात दाखल झालेली टोयोटा हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या पिकअप ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही मिळतात. तेव्हा इकडच्या गॅरेजवाल्यांनीही ही माहिती पदरी ठेवणे फायद्याचे आहे. म्हणून या लेखात आम्ही कूलर शोधण्याची रीत पायरीपायरीने देत आहोत. सांगायचे मुख्य सूत्र एकच आहे: कूलर समोरून शोधू नका, गिअरबॉक्सपासून निघणाऱ्या पाइपांचा माग काढत जा, आणि एक कूलर सापडला म्हणून थांबू नका, ऑइल परत गिअरबॉक्समध्ये शिरेपर्यंत माग सोडू नका.

कूलर लागतो कशासाठी?

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात आणि मध्ये ऑइल असते. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो, त्या जोराने दुसरा पंखा फिरतो. दोन्हींच्या फिरण्याच्या वेगात जो फरक पडतो त्यातून ऑइल तापते. सरळ रस्त्यावर एका वेगाने गाडी चालली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे जोडून टाकतो आणि उष्णता कमी होते. पण चढावर, वाळूत, गर्दीत, किंवा मागे बोट अथवा ट्रेलर ओढताना लॉक-अप सुटलेला असतो आणि ऑइल झपाट्याने तापते.

बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहणे चांगले मानतात. गॅरेजांत प्रचलित असलेल्या कोष्टकांप्रमाणे ११५ अंशांच्या सुमारास आत वार्निशसारखा थर धरू लागतो आणि १२५ च्या पुढे रबरी सील कडक होऊ लागतात. त्याहून पुढे गेले की क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. पहिला सील कडक होण्यापासून गिअरबॉक्स उघडावा लागण्यापर्यंतचा प्रवास फार लांबचा नसतो.

आखातातील उन्हाळ्यात अडचण दुप्पट होते. कूलर उष्णता टाकतो ती ऑइल आणि हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात. ऑइल ९५ अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५ अंशांचा. तीच हवा ४८ अंशांची झाली की फरक उरतो ४७ अंशांचा. म्हणजे तोच कूलर, तोच पंखा, पण काम मात्र पूर्वीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. त्यात फिनमध्ये वाळू भरलेली असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारे ऑइल आतल्या बेअरिंगांना आणि प्लॅनेटरी गिअरांना वंगण म्हणून दिले जाते. त्यामुळे कूलर तुंबला तर नुसती उष्णता वाढत नाही, वंगणही तुटते. एका तुंबलेल्या नळीने दोन्हीकडून मार बसतो.

कूलरच्या तीन जागा

पिकअपमध्ये गिअर-ऑइल कूलर मुख्यतः तीन ठिकाणी आढळतो. एकाच गाडीत एक असेल, दोन असतील किंवा तिन्हींचा मेळ असेल.

पहिली जागा रेडिएटरच्या टाकीच्या पोटात. ही सर्वांत जुनी आणि अजूनही पुष्कळ गाड्यांत असलेली सोय. रेडिएटरमध्ये पाणी वरून खाली वाहत असेल तर हा कूलर खालच्या टाकीत असतो. आडवे वाहत असेल तर बाजूच्या टाकीत, जेथून थंड झालेले कूलंट इंजिनाकडे परत जाते. बाहेरून कूलर दिसतच नाही. दिसतात ते टाकीवरचे दोन जोड, ज्यांना लोखंडी पाइप किंवा रबरी होज लावलेले असतात. या रचनेचा एक फायदाही आहे: सकाळच्या थंडीत कूलंट लवकर तापते आणि ऑइललाही ऊब देते.

दुसरी जागा समोरच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या पुढे. हा हवेवर चालणारा स्वतंत्र कूलर. आकाराने एखाद्या वहीएवढा किंवा थोडा मोठा. जुन्या धाटणीत एकच नळी नागमोडी वळवून तिला फिन लावलेल्या असतात. नव्या धाटणीत पातळ पट्ट्या एकावर एक रचून जोडलेल्या असतात. जड ओढकामासाठीच्या पॅकेजसह विकलेल्या अमेरिकी पिकअपमध्ये तो कारखान्यातूनच येतो. काही गाड्यांत कंडेन्सर आणि गिअर-ऑइल कूलर एकाच चौकटीत असतात: वरचा किंवा खालचा भाग एकाचा, उरलेला दुसऱ्याचा. तेथे नजर हमखास फसते. पाइप मात्र फसवत नाहीत.

तिसरी जागा गिअरबॉक्सच्या अंगाला किंवा इंजिनाच्या बाजूला. नव्या गाड्यांत मुठीएवढी किंवा त्याहून मोठी ॲल्युमिनियमची पेटी असते. तिला चार जोड असतात, दोन ऑइलचे आणि दोन कूलंटचे. ही पेटी गार ऑइलला ऊब देते आणि तापलेल्याला थंड करते. याखेरीज काही गाड्यांत पाइपांच्या वाटेत एक छोटा ठोकळा बसवलेला असतो, त्यालाही चार पाइप लागतात. पण तो कूलर नव्हे. तो थर्मोस्टॅट असतो. ऑइल ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत तो त्याला कूलरकडे जाऊ न देता जागच्या जागी परत फिरवतो.

शोधण्याची रीत

गाडी सपाट जागी लावावी, हातब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत. गाडी नुकतीच धावून आली असेल तर थंड होऊ द्यावी. सायलेन्सरचा पाइप आणि गिअरचे ऑइल दोन्ही कातडी सोलवटण्याइतके तापलेले असतात. गाडी उचलायची असेल तर जॅकवर भरवसा न ठेवता पक्क्या स्टँडवर ठेवूनच खाली शिरावे. या एका नियमाला कधीही सुट्टी देऊ नये.

पायरी पहिली. गिअरबॉक्स खरोखर ऑटोमॅटिक आहे ना, याची खात्री करावी. दोनच पेडल असली की ऑटोमॅटिक. मग गाडीचा चासिस नंबर आणि वर्ष लिहून घ्यावे. एकाच नावाच्या गाडीत वर्ष आणि पॅकेज बदलले की कूलरची मांडणी बदलते. "हायलक्समध्ये कूलर अमुक जागी असतो" असे सरसकट विधान कोणी केले तर ते अर्धेच खरे मानावे.

पायरी दुसरी. खालून गिअरबॉक्स पाहावा. तळाला पसरट पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा पॅन दिसेल. त्याच्या वरच्या अंगाला, पेटीच्या एका बाजूला, पेन्सिलीहून जाड असे दोन धातूचे पाइप निघालेले दिसतील. हेच आपले वाटाडे. काही गाड्यांत तिसरी जागा, म्हणजे ती पेटी, येथेच बसवलेली सापडेल.

पायरी तिसरी. पाइपांवर बोट ठेवून पुढे सरकावे. ते इंजिनाच्या बाजूने, क्लिपांनी बांधलेले, रेडिएटरच्या दिशेने जातात. इंजिन हलते आणि रेडिएटर स्थिर असतो, म्हणून मध्ये कोठेतरी रबरी होजचा तुकडा असतो. होजच्या जोडापाशी धूळ मिसळून चिकटलेले तेल दिसले तर तेथेच गळतीची नोंद करून ठेवावी.

पायरी चौथी. पाइप जेथे पोहोचेल तेथे पाहावे. रेडिएटरच्या टाकीत शिरला तर पहिला कूलर सापडला. पण लगेच दुसरा पाइप पाहावा. तो थेट गिअरबॉक्सकडे परत जात असेल तर एकच कूलर आहे. तो रेडिएटरवरून पुढे जाळीच्या दिशेने वळत असेल तर हवेचा कूलरही आहे. पुष्कळ गाड्यांत ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीतून, नंतर हवेच्या कूलरमधून आणि मग गिअरबॉक्समध्ये जाते. काही गाड्यांत रेडिएटरचा कूलर नसतोच. म्हणून निघालेली वाट परत गिअरबॉक्सच्या दुसऱ्या जोडाला येऊन मिळेपर्यंत माग सोडायचा नाही.

पायरी पाचवी. सापडलेल्या प्रत्येक कूलरची आणि ठोकळ्याची जागा कागदावर साध्या रेघांनी काढून ठेवावी. वरचा बंपर किंवा जाळी काढायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे. आधी जाळी काढून मग शोधाशोध करणे म्हणजे क्लिपा तोडणे आणि वेळ घालवणे.

नजरेला फसवणाऱ्या वस्तू

जाळीमागे आणि गाडीखाली कूलरसारख्या दिसणाऱ्या आणखी वस्तू असतात. त्यांची ओळख अशी.

कंडेन्सर जवळपास रेडिएटरएवढा रुंद असतो आणि त्याचे ॲल्युमिनियमचे पाइप एअर कंडिशनच्या कॉम्प्रेसरकडे जातात. ते चुकूनही सैल करू नयेत. आत गॅस दाबाखाली असतो. पॉवर स्टिअरिंगचा कूलर बहुधा एक-दोन वळणांची साधी नळी असते आणि तिचे होज स्टिअरिंगच्या पंपाकडे किंवा बाटलीकडे जातात. येथे एक खास फसगत होते: पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगचे ऑइलही लालच असते. म्हणून नुसत्या लाल रंगावरून निर्णय देऊ नये. इंजिन-ऑइल कूलरचे पाइप ऑइल फिल्टरच्या बैठकीकडे जातात. डिझेल गाडीतील इंटरकूलरला मनगटाएवढे जाड हवेचे नळ असतात. गाडीखालून जाणारे डिझेल-पेट्रोलचे पाइप मागच्या टाकीकडे वळतात आणि ब्रेकचे पाइप त्याहून बारीक असतात. गिअरबॉक्सच्या माथ्यावरून एकच बारीक रबरी नळी वर चढत असेल तर ती हवा सोडण्याची नळी; तिचा कूलरशी संबंध नाही.

म्हणजे प्रश्न नेहमी एकच विचारायचा: याचा दुसरा टोक कोठे आहे? जो पाइप गिअरबॉक्सपासून निघाला नाही, तो कितीही सुंदर कूलरला लागलेला असो, आपल्या कामाचा नाही.

जाणारा कोणता, येणारा कोणता?

जादा कूलर बसवायचा असेल किंवा प्रवाह तपासायचा असेल तर दोन पाइपांपैकी ऑइल बाहेर नेणारा कोणता हे कळावे लागते. यासाठी गाडीचे मॅन्युअल हा पहिला आधार. उदाहरणार्थ, शेवरोले आणि जीएमसीच्या १९९० च्या दशकातील अनेक पिकअपमध्ये असलेल्या ४ एल ६० ई या गिअरबॉक्समध्ये खालचा जोड बाहेर जाणाऱ्या ऑइलचा आणि वरचा परत येणाऱ्याचा असतो. पण हा नियम दुसऱ्या गिअरबॉक्सला लावू नये.

मॅन्युअल नसेल तर इन्फ्रारेड तापमापकाने काम होते. थंड गाडी सुरू करून दोन्ही पाइप गिअरबॉक्सजवळ मोजत राहावे. जो आधी तापतो तो बाहेर जाणारा. मात्र वाटेत थर्मोस्टॅटचा ठोकळा असेल तर समोरचा कूलर बराच वेळ गारच राहील. तो गार आहे म्हणून तुंबला आहे, असे समजून नवा कूलर ग्राहकाच्या माथी मारू नये. आधी ऑइल पुरते तापू द्यावे. स्कॅनर जोडून गिअर-ऑइलचे तापमान वाचावे. ऑइल खूप तापले तरी ठोकळ्यापलीकडचा पाइप गारच असेल, तर संशय आधी त्या ठोकळ्यावर आणि नंतर कूलरवर घ्यावा.

प्रवाह तपासण्यासाठी परतीचा पाइप सोडवून तो मापाच्या भांड्यात धरतात आणि गाडी सुरू करून काही सेकंदच चालवतात. अमेरिकी गॅरेजांत इंजिन मंद चालू असताना २० ते ३० सेकंदांत एक क्वार्ट, म्हणजे एक लिटरला थोडे कमी ऑइल यावे, असा ढोबळ हिशेब धरतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलचाच मानावा. ऑइल धडधड तुटक येऊ लागले की इंजिन ताबडतोब बंद करावे, नाहीतर चाचणीतच गिअरबॉक्स कोरडा पडेल. जेवढे ऑइल काढले तेवढे, आणि त्याच जातीचे, परत भरावे. टोयोटाचे डब्ल्यूएस, जनरल मोटर्सचे डेक्सरॉन ६, फोर्डच्या दहा गतींच्या गिअरबॉक्सचे मर्कॉन यूएलव्ही ही एकमेकांच्या जागी चालणारी ऑइले नव्हेत.

न दिसणाऱ्या कूलरचा धोका

जाळीमागचा कूलर फुटला तर जमिनीवर लाल डाग पडतो आणि मालकाला कळते. रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटला तर बाहेर एक थेंबही पडत नाही. कूलंट आणि ऑइल यांच्यामध्ये एका पातळ भिंतीचेच अंतर असते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त असेल तर ते कूलंटमध्ये शिरते. गाडी बंद केली की गिअरबॉक्सचा पंप थांबतो, पण गरम रेडिएटरमध्ये दाब राहतो, आणि मग कूलंट ऑइलमध्ये शिरते. क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदी धाटणीचे आणि डिंकाने चिकटवलेले असते. पाणी त्यात मुरले की अस्तर फुगते आणि सुटते.

याचे गाजलेले उदाहरण निस्सानच्या गाड्यांचे आहे. अमेरिकेत विकलेल्या २००५ ते २०१० सालच्या फ्रंटिअर पिकअप आणि तिच्याच कुळातील पाथफाइंडर व एक्सटेरा या गाड्यांमध्ये रेडिएटरमधला कूलर तडकून कूलंट गिअरबॉक्समध्ये जाण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. कंपनीला २०१० मध्ये त्या रेडिएटरची हमी ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. लाल ऑइल आणि कूलंट मिळून जो गुलाबी, दुधट रस होतो, त्याला तिकडचे गाडीमालक उपहासाने "स्ट्रॉबेरी मिल्कशेक" म्हणू लागले. त्यांतील अनेकांनी मग रेडिएटरचा कूलर वाटेतून काढून टाकला आणि समोर मोठा हवेचा कूलर बसवला.

या उदाहरणाचा धडा सर्वच गाड्यांना लागू आहे. रेडिएटरच्या टाकीला दोन ऑइल-पाइप लागलेले दिसले की लगेच दोन गोष्टी पाहाव्यात. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग किंवा दुधट साय आहे का ते पाहावे. गिअर-ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. स्वच्छ लाल असेल तर ठीक. काळपट तपकिरी आणि जळका वास म्हणजे ऑइल तापलेले आहे. गुलाबी दुधट असेल तर गाडी पुन्हा सुरूच करू नये. अशा वेळी नुसते ऑइल बदलून गाडी हाती देणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे. रेडिएटर बदलावा लागेल आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासून त्याला स्पष्ट सांगावे लागेल.

सुटे भाग आणि दुरुस्तीचा हिशेब

जळलेला गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त केलेला बसवताना कूलरकडे दुर्लक्ष करणे हा या धंद्यातील सर्वांत महाग निष्काळजीपणा आहे. जुन्या गिअरबॉक्समधील प्लेटांचा चुरा आणि धातूची कीस कूलरच्या नळ्यांत जाऊन बसलेली असते. नवा गिअरबॉक्स सुरू झाला की ती कीस सुटून थेट त्यात येते. म्हणूनच गिअरबॉक्स दुरुस्त करून विकणारे अनेक व्यापारी कूलर फ्लश केल्याचा किंवा बदलल्याचा पुरावा नसेल तर हमी मानत नाहीत. पट्ट्यांचा नव्या धाटणीचा कूलर आतून पुरता साफ होणे कठीण असते. तो बदलणेच बरे. आणि हे करताना सगळे कूलर आधी सापडलेले असावे लागतात. समोरचा बदलला आणि रेडिएटरमधला विसरला, तर कीस तेथे वाट पाहतच असते.

शारजाहच्या औद्योगिक भागात जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि तेथून रेडिएटर आणण्याची पद्धत आहे. आणताना एक गोष्ट तपासावी. एकाच गाडीचे रेडिएटर दोन प्रकारचे असू शकतात, ऑटोमॅटिकचा आणि हाताच्या गिअरचा. दुसऱ्याच्या टाकीत कूलर नसतो. तो बाहेरून तसाच दिसतो, बोल्टही जुळतात, पण ऑइलचे जोड नसतात. जुन्या रेडिएटरचा आतला कूलर सांगाती असेल याचीही खात्री नसते; कोणत्या गिअरबॉक्सवर तो चालला आणि तो का उतरवला गेला, हे विकणाऱ्याला विचारावे. गिअरबॉक्स जळल्यामुळे भंगारात गेलेल्या गाडीचा रेडिएटर घेणे म्हणजे दुसऱ्याची कीस विकत घेणे होय.

जादा कूलर बसवताना तो पत्र्याच्या पट्ट्यांनी चौकटीला बसवावा. फिनमधून प्लॅस्टिकच्या काड्या ओवून कंडेन्सरला बांधण्याची घाईची पद्धत पुढे नळ्या घासून गळती देते. होज गिअर-ऑइलसाठी बनवलेलाच घ्यावा. वळण मोठे ठेवावे, नळी चेपू देऊ नये. साफ करताना पाण्याचा जोर कमी ठेवावा आणि शक्य तेथे मागून पुढे पाणी सोडावे. जोराच्या फवाऱ्याने फिन झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने

दुकानदार, मासळीचे व्यापारी आणि बांधकामाचे ठेकेदार जुनी पिकअप घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात. ऑटोमॅटिक असेल तर त्यांनी आणखी पाच मिनिटे द्यावीत. कूलंट पाहावे, ऑइल पाहावे, गाडी अर्धा तास चालवून गिअर पडायला उशीर लागतो का ते पाहावे. मागे ट्रेलरचा आकडा असेल, पण समोर हवेचा कूलर नसेल, तर गाडीने आपल्या ताकदीपलीकडे ओझे ओढले असण्याची शक्यता धरावी. रेडिएटरची किंमत गिअरबॉक्सच्या किमतीपुढे किरकोळ असते. म्हणून घासाघीस करताना नव्या रेडिएटरचे पैसे हिशेबात धरणे हा शहाणपणाचा सौदा ठरतो.

शेवटी आमच्या तरुण कारागिरांना एक व्यवहाराची सूचना. खिशात एक छोटी वही ठेवावी. प्रत्येक ऑटोमॅटिक पिकअप हाताखालून गेली की गाडीचे नाव, वर्ष, कूलर किती, कोणत्या जागी, ऑइल कोणत्या वाटेने जाते, थर्मोस्टॅट आहे की नाही आणि ऑइलचा रंग कसा होता, एवढे लिहून ठेवावे. मालकाच्या कामाच्या कागदावरही "गिअर-ऑइल कूलर दोन, दोन्ही तपासले" असे लिहून सही घ्यावी. पुढे वाद झाला तर हा कागदच कारागिराची बाजू घेतो. आणि पन्नास-साठ गाड्यांची नोंद झाली की गॅरेजमधले इतर लोक कूलर कोठे आहे हे विचारायला त्या वहीकडे येऊ लागतात. त्या दिवसापासून शिकाऊ मुलगा उस्ताद होऊ लागतो आणि त्याचा पगार मागण्याचा हक्कही वाढतो.